आबांच्या शेडमधलं विमान

१६ ऑक्टोबर २००३, गुरुवार

कंपनीला सुट्टी. सकाळच्या एस.टी.नं दौंड, संध्याकाळच्या गाडीनं परत शिरूर.

शमीमच्या अम्मीचा उजवा हात, उजवा पाय अजून तसाच. अंगावरून वारं गेलं तेव्हापासून त्या बोलतात ते फक्त शमीमलाच कळतं. मेहुणा सौदीत. म्हणजे दौंडला राहायचं ते शमीमनं. गणपतीच्या आधी गेली ती गेलीच.

मी जेवलो तेव्हा ती अम्मीला भरवत होती. मग त्यांचे कपडे, मग औषध, मग पुन्हा त्यांचीच हाक. निघताना दारात म्हणाली, "आँखमें दवा डालते ना?" डालता, म्हटलं. नवराबायकोचं आठवड्याचं बोलणं एवढंच झालं.

घरी येऊन चहा केला. ओतला तो कपाच्या बाहेर. डावा डोळा जाऊन वर्ष होत आलं, तरी अजून अंदाज चुकतो.

२० ऑक्टोबर

डोळा गेल्यापासून स्टोअरमध्येच. बॉक्स उतरवायचे, बॉक्स चढवायचे. लेथवर होतो तेव्हा हाताला तेलाचा वास असायचा, आता पुठ्ठ्याचा. भिंतीपलीकडं लेथ चालतात. आवाजावरून कळतं कुणाचं टूल बोथट झालंय. सांगायला जात नाही.

संध्याकाळी आबांच्या शेडवर. जगताप आबा एस.टी.तले रिटायर मेकॅनिक. घरामागची शेड त्यांनी गावाला मोकळी ठेवलीय. कुणी ड्रिल आणून ठेवलं, कुणी ग्राइंडर, कुणी व्हाइस. हत्यार कुणाचंही, वापरायचं सगळ्यांनी, पुसून जागेवर ठेवायचं. घरी दिवे लावायला कुणी नाही म्हणून मी रोज इथंच.

छताला आमचं, रिमोटवर उडणारं विमान टांगलेलं. आबा खालून बघत म्हणाले, "रफीक, ह्यो पक्षी आता छतालाच म्हातारा व्हायचा का?"

हसलो.

२४ ऑक्टोबर

दिलीप आला, वडगाव रासाईहून, फराळाचा डबा घेऊन. चकल्या नेहमीसारख्या कडक. त्याच्या बायकोला सांगू नको म्हणाला.

विमान दोघांचं. त्यानं लाकूड कापलं, कागद चढवला, मी रेडिओ बसवला. उडवायचो मी. तो हातातनं सोडायचा आणि उतरलं की रानातनं धावत जाऊन आणायचा. चार वर्षं असंच. मग माझा डोळा गेला. त्यानंतर मार्चमध्ये एकदा उडवलं, त्याच्याच रानात. उतरवताना मला वाटलं बाभळ विमानाच्या मागं आहे. ती पुढं होती. पंख मोडला. दि.नं तो नवा केला, मी विमान टांगून टाकलं. रिमोट कपाटात.

आज डब्याच्या खालून एक सीडी काढली. पुण्याच्या कुणा दोस्तानं दिलेली. कॉम्प्युटरवर विमान दिसतं, आपला खरा रिमोट त्याला जोडायचा आणि पडद्यावर उडवायला शिकायचं.

"पडलं तर मोडत न्हाई. मी शिकतो आता. तू फकस्त जोडून दे."

"तू उडवणार?"

"मंग? टांगून ठिवायला बनवलं व्हय आपण?"

बरोबर आहे त्याचं. हो म्हटलं. रात्रभर मात्र...

३० ऑक्टोबर, गुरुवार

रोजे सुरू. सहरीला एकटाच उठतो. काल भाकरी आणि दही. घड्याळाच्या आवाजात जेवायचं.

दौंडला गेलो तर शमीम रोजा ठेवून अम्मीला उचलत होती. म्हटलं, मी धरतो. अम्मींनी डोक्यावरचा पदर ओढला, जावयानं हात लावलेला त्यांना चालत नाही. बाजूला उभा राहिलो. अम्मीला शिरूरला न्यायचं का, असं मागं विचारलं होतं. अम्मी तेव्हा फक्त रडल्या होत्या. आता विचारत नाही.

दि.चं शिकायचं सांगितलं तिला. "अच्छा है," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "और तुम?"

गाडीची वेळ झाली होती.

४ नोव्हेंबर

कॉम्प्युटर मिळाला. बंद पडलेल्या एका क्लासमधला, आबांनी उचलून आणलाय. पडदा लहान, पेटीवर चिकटपट्टीचे डाग, पण चालतो.

कुठं ठेवायचा यावरून भोसले तापला. तो शेडमध्ये मोटारींचं वाइंडिंग करतो, कोपऱ्यातलं टेबल त्याचं. "हितं लोकांची कामं खोळंबल्यात आन् तुम्ही व्हिडिओ गेम मांडणार?" आबा शांतपणे म्हणाले, "भोसले, तुझं टेबल हाय का शेडचं?" भोसले वाइंडिंगच करत राहिला. पण टेबल दिलं नाहीच. शेवटी आबांनी घरातली जुनी शिलाई मशीन आणली, वरचं मुंडकं काढलं, त्या फळीवर कॉम्प्युटर. पायाला खाली मशीनचा पायटा लागतो. दि. बसल्या बसल्या तो हलवत राहतो.

११ नोव्हेंबर

वायर करायला घेतली. रिमोटच्या पाठीमागं एक सॉकेट असतं, शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा रिमोट एकमेकांना जोडायला. तिथनं सिग्नल घ्यायचा आणि कॉम्प्युटरला प्रिंटर जोडतात तिथं द्यायचा. मध्ये चारदोन बारके पार्ट. नकाशा सीडीतच आहे.

सोल्डरिंगला बसलो. दि. म्हणाला, "मी करू का?" म्हटलं, नको. गन टेकवली ती थेट बोटावर. दुसऱ्यांदा हवेतच. पार्ट अजून खाली होता. दि. दुसरीकडं बघत होता, मुद्दाम.

मग मनगट टेबलाला टेकवलं, गन टेबलावरनं सरकवत सरकवत नेली. धातूला लागली की हाताला कळतं. डोळा बंद केला तरी कळलं असतं. एक सांधा जमला. नंतर लाइट गेली. बाकीचे उद्या.

इफ्तारला आबांनी खजूर आणून ठेवले होते. दि.नं केळी. त्यालाही दिवसभर उपास असल्यासारखा तो केळ्यांवर तुटून पडला.

१५ नोव्हेंबर

चाललं!

म्हणजे आधी नाही चाललं. रिमोटची काडी हलवली की पडद्यावर काहीच नाही. वायर उलटी. ती सरळ केली तर सगळंच उलटं. इंजिन वाढवावं तर शेपूट हले, उजवीकडं न्यावं तर डावीकडं जाई. एकेक काडी पडद्यावर नोंदवून घ्यायची असते, ते वाचलंच नव्हतं. वाचलं. मग हिरवं माळरान आलं, लांब डोंगर, समोर पिवळं विमान आणि त्याचा तो गुंगुं आवाज. मी अगदी सावकाश काडी पुढं केली. पंखा फिरला.

शेडमधलं ग्राइंडर बंद झालं. सगळे मागं येऊन उभे.

दि.ला दिलं. उडालं, डावीकडं कललं, जमिनीत. पुन्हा. जमिनीत.

"आरं हे भुईतच का घुसतंय?"

"तू घुसवतोयस म्हणून."

भोसले लांबनंच म्हणाला, "माज्याकडं द्या बरं जरा." त्याच्याकडनं तर उडायच्या आधीच पडलं. आबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

कितीतरी महिन्यांनी मी

लिहीन नंतर.

१९ नोव्हेंबर

दि. रोज येतोय, गाडीवरनं, धारा काढून झाल्या की. सरळ जायला जमतं. वळायलाही. अडतं ते परत येताना. विमान आपल्याकडं तोंड करून आलं की डावं-उजवं बदलतं. त्याला सांगितलं, विचार करू नको. जो पंख खाली झुकलाय, काडी तिकडंच ढकल. विमान सरळ होतं.

आज उतरवायला घेतलं त्यानं. पाच-सहा वेळा आपटलं. वैतागला. "आरं लांब हाय का जवळ हाय, कायच कळंना! नुस्तं चित्र. कुठवर आलंय म्हणून समजायचं माणसानं?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मला रोज असंच असतं."

तो काड्या धरून तसाच. पडद्यावरचं विमान गेलं कुठंतरी, आपटल्याचा आवाज आला. पायटा हलवायचा थांबला.

"रोज?"

"चहा ओततानासुद्धा."

जाताना गाडीला किक मारली, बंद केली, परत आत आला, म्हणाला, "मंग हितं तर समदेच एका डोळ्याचे. तू बस की." आणि गेला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दौंडला उशिरा गेलो. सकाळी शेडची किल्ली घेतली, कुणी नव्हतं. बसलो.

उडवलं. चूक नाही, अडखळणं नाही. अंगठ्यांना सगळं आठवत होतं. एक फेरी, दुसरी, पाठीवर उलटं, परत सुलटं. उतरताना आपटलं. तरी.

पडद्याला खोलीच नाही. तिथं दोन डोळ्यांवाल्याचं आणि माझं सारखंच.

अकराची गाडी चुकली, दुपारची धरली. चौफुल्याच्या पुढं, पाटसला, उसाचे ट्रॅक्टर. दौंडला पोचलो तर शमीमनं जेवण झाकून नव्हतं ठेवलं, रोजाच ना. पण वाट बघत होती हे कळलं. "देर हुआ." विमान उडवत होतो, सांगितलं. रागावेल वाटलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "बहोत दिनांसे ऐसा मू नै देखी तुमारा," म्हणाली.

२६ नोव्हेंबर, ईद

दौंड. नमाज, शीरखुर्मा. अम्मींनी चमचा डाव्या हातानं स्वतः धरला, अर्धा सांडला, अर्धा गेला. शमीमच्या डोळ्यांत पाणी. मेहुण्याचा फोन शेजारच्यांकडं आला. तिकडं एकटाच होता तोही.

शमीमला नवा ड्रेस आणला होता. घालून दाखवते म्हणाली. मग अम्मींनी हाक मारली. तो घडीतच राहिला. गाडीत बसल्यावर आठवलं, रंग कसा दिसतो तिला ते बघायचं राहिलं.

९ डिसेंबर

उतरवायचं सापडलं!

एकट्या विमानाकडं बघायचंच नाही. त्याची सावली बघायची. पडद्यावर विमानाखाली सावली पळते, काळा ठिपका. विमान वर असतं तेव्हा सावली लांब. खाली येईल तशी दोघं जवळ येतात. भेटली की टेकलं. दहादा केलं, नऊदा अलगद. शेवटी भोसले मागं होता, म्हणून गडबडलो.

भोसले आता रोज खेळतो. मोटारी पडून.

दि.ला सावलीचं सांगितलं. त्याला काही तिची गरज वाटेना. पण मला म्हणाला, "ऊन असलं की रानातबी सावली पडती, रफीक."

मी आपला वायर गुंडाळत राहिलो.

१८ डिसेंबर, गुरुवार

शमीम आली! तिची खाला दौंडला आलीय, अम्मीजवळ बसेल. एक दिवस मुक्काम.

घर तिनं बघितलं, झाडू घेतला. म्हटलं, ठेव तो. चल, दाखवतो.

चार वर्षांत शेडवर कधी आली नव्हती. विमानाला मोठा पतंग म्हणायची. आबांनी खुर्ची पुसून दिली, "या पोरी," म्हणाले, आणि चहा सांगतो म्हणून बाहेर गेले. भोसले पण गेला त्यांच्यामागं, शहाणपण आहे त्याला कधी कधी.

तिला बसवलं, रिमोट हातात दिला.

"तूट गया तो?"

"तूटता नै. खोटा है."

"फिर डर काहेकू?"

शिवणकामाचे हात तिचे. काडी धरली ती सुईत दोरा घालताना धरतात तशी. मी मागनं उडवून दिलं आणि तिच्या हवाली केलं. कललं, तिनं सांभाळलं. आपलं आपण. पुन्हा कललं, पुन्हा सांभाळलं. सरळ निघालं. डोंगराकडं. लहान होत गेलं.

"अब मोड. शमीम, मोड, नै तो दिखनेका नै."

"काहेकू?" पडद्यावरनं नजर काढली नाही तिनं. "जाने दो ना."

डोंगराच्या पलीकडं त्या सीडीत काहीच केलेलं नाही. नुसतं हिरवं. विमानाचा ठिपका झाला, मग तोही दिसेना, आवाज तेवढा येत राहिला. ती दोन्ही काड्या अगदी जपून, सरळ धरून बसली होती. चेहऱ्यावर असं काही, की मी वळव म्हणायचं सोडून दिलं.

चहा आला तेव्हा तिनं रिमोट माझ्याकडं दिला. "कबका गया," म्हणाली. हसली.

१९ डिसेंबर

तिला एस.टी. स्टँडवर सोडलं. विचारायचं होतं, कधी येणार. शब्द जुळवत होतो. तिनंच सांगितलं.

"अम्मी अच्छी होनेकी नै. मेरेकू मालूम है. तुमारेकू भी."

हो म्हटलं.

"मैं उसकू छोडके नै आनेकी."

"मैं बोलाच नै आ करके."

"मालूम है," म्हणाली. "इसलियेच तो..." पुढचं गाडीच्या हॉर्नमध्ये गेलं. विचारलं नाही परत.

घर झाडून गेलीय. एवढं स्वच्छ घर बघवत नाही.

३ जानेवारी २००४

वर्ष बदललं. स्टोअर तेच.

दौंडला जाऊन राहायचं म्हटलं तर तिथं करणार काय? मला लेथशिवाय दुसरं येत नाही. आणि एका डोळ्याच्या टर्नरला कोण लेथ देणार? इथं निदान जुनी ओळख म्हणून स्टोअर दिलं. उलट इथं राहायचं तर गुरुवारचा नवरा. हे दोन्ही रोज मनात फिरतं. शेडवर गेलं की थांबतं. म्हणून शेडवर जातो.

१५ जानेवारी, गुरुवार

दौंडहून येताना शमीमनं तिळाच्या वड्या दिल्या, शेजारणीकडच्या. शेडवर वाटल्या. दि.नंही आणलेल्या. आबांना गोड बंद आहे, त्यांनी दोघांच्याही खाल्ल्या.

दि. आता फेरी मारून उतरवतो. दहातनं सहादा नीट. आज म्हणाला, "नदीकडचा ऊस तुटून गेला. खोडवा मोडला, फळी मारून रान सपाट केलंय. मक्याच्या पेऱ्याआधी उडवायचं. भाऊ पेरायला मागं लागलाय, लय दिस न्हाईत."

विमान खाली उतरवलं. धूळ पुसली. इंजिन चार वेळा दोरीनं ओढल्यासारखं खोकलं आणि धरलं. शेड धुरानं भरली. आबांनी वास नाकात ओढून घेतला, "आता कसं!"

२९ जानेवारी, गुरुवार

वडगाव रासाई. आज दौंडला गेलो नाही. परवा फोन करून शमीमला सांगितलं होतं. "जावो," म्हणाली.

नदीला यंदा धार नाही, डबकी तेवढी. रान मात्र परातीसारखं. त्या बाभळीपासून लांब, वरच्या अंगाला उभे राहिलो. दि., मी, आबा आणि दि.चा भाऊ, जो तोंडानं पेरणीचं बोलत होता आणि डोळ्यांनी विमान सोडत नव्हता.

रिमोट दि.कडं. सोडलं मी, आयुष्यात पहिल्यांदा हातातनं सोडायचं काम. पळत जाऊन फेकायचं. गेलं. वर.

एक फेरी. दुसऱ्या फेरीला विमान आमच्या अंगावर तोंड करून आलं आणि तो चुकला. उजवा पंख झुकला, त्यानं आणखी झुकवला. खाली यायला लागलं. "घे! रफीक, घे!" ओरडला.

माझे हात पुढं झाले होते. घेतला असता तर वेळ गेला असता. म्हटलं, "खाली झुकलेल्या पंखाकडं. ढकल. तिकडंच ढकल." त्यानं काडी ढकलली. सरळ झालं. बांधाच्या गवतावरनं निघून वर गेलं. भाऊ खाली बसला होता.

उतरवलं त्यानंच. तीन उड्या मारत, पण चाकांवर.

मी धावत जाऊन आणलं. दि. रानात फतकल घालून बसलेला, घामाघूम, हसतोय का रडतोय कळेना. मग उठला, टाकी भरली आणि रिमोट माझ्या पुढं धरला. मी आबांकडं बघितलं. आबा आभाळाकडं बघत होते.

घेतला.

दि.नं सोडलं, जुन्यासारखं. वर गेल्यावर काय सांगू. हवेत वारा होता, पडद्यावर तो नसतो. विमानाला तो लागायचा आणि मला अंगठ्यात कळायचा. घरट्यातनं निघाल्यावर पाखराला काय होत असेल ते असो, मला तर परत आल्यासारखं झालं. तीन फेऱ्या. चौथी मारावी वाटत होती, पण ऊन उतरलं की सावली जाईल.

आणलं खाली. सावली ढेकळांवरनं पळत येत होती, लांब झालेली, वाकडी. पडद्यावरच्यासारखी गोल नाही. विमान आणि ती जवळ, आणखी जवळ. भेटली. एक धक्का, नाक टेकलं, पंखा तुटला. पंखा लाकडी, दुसरा आहे.

आबा म्हणाले, "उतरलं म्हणायचं का पडलं?"

दि. म्हणाला, "आबा, उतरलं. उतरलं बघा!" आणि मला उचललं.

३० जानेवारी

कंपनीतनं सुटल्यावर फोन केला, शेजारच्यांनी शमीमला बोलावलं.

"उड्या क्या विमान?"

"उड्या."

"उपरसे क्या दिखता?"

म्हटलं, वरनं काहीच दिसत नाही. आपण खालीच उभं राहायचं, मान वर करून.

मग म्हणाली, "मैं समझी थी तुमारेकू सब दिखता होगा. नदी, रस्ता. दौंड." मागनं अम्मीचा आवाज आला. तिनं फोन ठेवला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दौंड. शमीम दारातच उभी. आत येऊ न देता सांगितलं. रेल्वे लाइनच्या पलीकडं एक वर्कशॉप आहे, पंपांचे शाफ्ट करतात, त्यांना टर्नर पाहिजे. तिला कसं कळलं?

"मैंच गई पूछनेकू."

बुरखा घालून, एकटी, त्या लेथांच्या आवाजात जाऊन उभी राहिली असणार.

"बोली मैं, एक आँखका है. वो मालक बोला, आँख जाने दो, हात कैसा है?"

"तू क्या बोली?"

"बोली, खुद देखो."

पुढच्या गुरुवारी बोलावलंय. लेथवर बसवून बघणार. वर्षभरात हँडलला हात लावला नाही मी.

८ फेब्रुवारी

दि.ला सांगितलं. शेडच्या बाहेर, त्याच्या गाडीवर बसून.

"मंग जा की," म्हणाला लगेच. मग, "विमान?"

"तुझ्याकडं."

"माज्याकडं कसलं. मी उडीवतो म्हंजी काय, पडू देत न्हाई एवढंच." दगड उचलला, टाकला. "दौंडला रान हाय का पण? समदीकडं तारा आन् रूळ."

माहीत नाही, म्हटलं.

आतनं भोसलेचा आवाज, पडद्यावर उलटं उडवायला जमलं म्हणून. कोण बघतंय का, असं ओरडत होता. दोघंही गेलो बघायला. खरंच जमलं होतं.

ही शेड, हा धूर, आबा. शिरूरला आहे तोवर दौंडची आस, आणि जायचं म्हटलं की...

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दौंड. वर्कशॉप. जुना लेथ, आमच्या कंपनीतल्यापेक्षा जड. मालक वयस्कर, बोलणं कमी. एक शाफ्ट दिला, माप सांगितलं.

शाफ्ट चकमध्ये धरून आवळला. टूल शाफ्टच्या जवळ नेलं, किती जवळ ते कळेना. लांब का जवळ. घाम. मालक मागं उभा. मग मान वाकवली, दिवा जरा खाली ओढला. चकचकीत शाफ्टवर टूलची सावली पडली. टूल पुढं, सावली त्याच्याकडं. थांबलो. भेटले तिथं मापाचं शून्य धरलं.

पहिला कट घेतला. निळसर तार निघाली, लांब, गुंडाळत. तो वास.

मालकानं मायक्रोमीटर लावला, दोनदा. म्हणाला, "हात बरा आहे." मग, "अजून दोघं येणार आहेत. त्यांचं बघतो, कळवतो."

शमीमला जसंच्या तसं सांगितलं. तिनं हात धरला माझा, तेल लागलेला, आणि पदराला पुसायला लागली. म्हटलं, राहू दे. म्हणाली, "रहने दो क्या, दाग जाता नै बादमें." पण पुसायचं सोडून नुसता धरून बसली.

उद्या दुसऱ्या पाळीला येतो असं कंपनीत कळवलंय, आज इथंच मुक्काम.

१३ फेब्रुवारी

सकाळी निघालो. शेजारीण अम्मीजवळ बसली आणि शमीम स्टँडपर्यंत आली. रस्त्यानं दोघं मिळून चाललो याला किती महिने झाले.

ती माझ्या डाव्या अंगानं चालत होती. तिकडचं मला दिसत नाही, बांगड्या तेवढ्या ऐकू येतात. दोनदा मान वळवून बघितलं. म्हटलं, "इधरसे चल, सीधे बाजूसे. दिखती तो."

"नै. इधरसेच ठीक है," म्हणाली. "उधर तुमारेकू खुद दिखता. इधर कोन है देखनेकू?"

एक ट्रक अगदी जवळनं गेला. तिनं बाहीला धरून मला आत ओढलं आणि बाही सोडली नाही, स्टँड येईपर्यंत.

शिरूरला जाणारी न्हावऱ्याची गाडी लागलेली होती. वर्कशॉपवाले कळवतो म्हणालेत. बसलो.